हरलेल्यासाठी टाळ्या

एखाद्या माणसाचं काम घालवायला मोठं कारस्थान लागत नाही. एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती काळजीच्या सुरात सांगावी लागते. मला हे माहीत आहे, कारण विलास भोपीचं काम मी असंच घालवलं. कहर म्हणजे गोष्ट खोटी नव्हती. ती त्याचीच होती, आम्हाला हसवायला त्यानेच सांगितलेली. मी फक्त तिचा शेवट गाळला.

पण आधी विलास भोपी कोण ते सांगायला हवं, नाहीतर मी काय घालवलं ते कळायचं नाही.

बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात आमची सोसायटी. मी तिचा सेक्रेटरी आहे, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नसतं. पोटासाठी अंबरनाथच्या एका शाळेत हेडक्लार्क आहे. विलास तळमजल्यावर राहायला आला तेव्हा त्याच्या सामानाआधी आम्ही त्याचे कान पाहिले. कणकेचे दोन गोळे मुठीत दाबून डोक्याच्या बाजूंना चिकटवावेत, तसे ते कान होते. मान जवळजवळ नव्हतीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. आमचे अध्यक्ष राणेकाका म्हणाले, पैलवान असणार. माझी बायको म्हणाली, पोलीस. तो स्वतः म्हणाला, रग्बी खेळायचो, आता गुडघे संपले.

हा खेळ आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. शेवटी राणेकाकांनी आदराने विचारलं, "म्हणजे घोड्यावर बसून खेळतात ते?"

"घोडा असता तर बरं झालं असतं काका," विलास म्हणाला. "आमच्यात घोड्याचं काम पण आम्हालाच करायला लागायचं."

तो बदलापूरच्या पलीकडच्या एका गावातला, आगरी शेतकऱ्याच्या घरचा. गावच्या कबड्डी संघात पकड करायचा. त्याने धरलेला माणूस सुटत नाही हे कुठल्याशा स्पर्धेत मुंबईच्या एका रग्बी क्लबच्या माणसाने पाहिलं, आणि विलास कबड्डीच्या मातीतून उचलला जाऊन रग्बीच्या चिखलात पडला. पुढे देशाची जर्सी अंगावर आली. मग कोलंबोच्या एका क्लबने त्याला पगारावर नेलं. तिकडे म्हणे शाळेतली पोरंसुद्धा रग्बी खेळतात, आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी बसमधले लोक त्याला उठून जागा द्यायचे. इकडे गावात शेजारणींनी विचारलं की त्याची आई सांगायची, "माजा पोर तिकरं लोकांना पारतं. त्याचाच पगार मिलतं त्याला." लोकांना पाडण्याचा पगार मिळतो, यात गावाला काही वावगं वाटलं नाही. एकाने फक्त पेन्शन आहे का, एवढं विचारलं.

तो परत आला त्या वर्षी आमच्या भागातल्या मंडळाने त्याचा सत्कार ठेवला. फ्लेक्सचं काम माझ्याकडे होतं. मी प्रिंटिंगवाल्याला सांगितलं, रग्बीचा एखादा चांगला फोटो टाक. त्याने टाकलेला माणूस हेल्मेट घातलेला, खांद्यांत उशा भरलेला आणि जाळीच्या आडून गुरगुरणारा होता. तो अमेरिकेतला वेगळाच खेळ आहे, हे आम्हाला कार्यक्रम सुरू झाल्यावर कळलं. रग्बीत हेल्मेट नसतं. असतं तर विलासचे कान वाचले असते. शाल-श्रीफळ घेऊन झाल्यावर विलासने मागे वळून त्या फ्लेक्सला नमस्कार केला आणि माइकवर म्हणाला, "हे साहेब कोण आहेत मला माहीत नाही. पण माझ्याबरोबर त्यांचा पण सत्कार झाला, चांगलं झालं." मग त्याने तो फ्लेक्स मागून घेतला. आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत तो रोज सकाळी मुलांना शिकवायचा, तिथे तो फ्लेक्स खाली अंथरलेला असायचा. त्या हेल्मेटवाल्याच्या छातीवर पाण्याच्या बाटल्या आणि चपला.

सुरुवातीचे कित्येक दिवस मुलांना चेंडू मिळायचाच नाही. फक्त पडायचं. "धावता सगळ्यांना येतं," तो म्हणायचा, "पडायचं कसं ते घरात कोण शिकवत नाही." मुलांचं बघून इमारतीतले काही आजोबाही सकाळी पडायला येऊ लागले. सुना गॅलरीत उभ्या राहून कपाळाला हात लावायच्या. राणेकाकांना तर एवढा आत्मविश्वास आला की लिफ्ट चालू असताना ते जिन्याने ये-जा करू लागले.

मुलांच्या जर्सी टिकत नाहीत म्हणून तो उल्हासनगरला परसराम शेठकडे गेला होता. शेठचा खाली जीन्स शिवायचा कारखाना आणि वर लग्नाचा हॉल. फाटक्या जर्सी बघून शेठने विचारलं, "साईं, ये खेल है या झगडा?" पण त्याने ते मनावर घेतलं आणि जीन्सची दुहेरी शिलाई मारून जर्सी शिवून दिल्या. त्या फाटत नसत, फक्त त्या घालून मुलांना हात वर करता येत नसे. विलासला त्याचं काही वाटलं नाही.

मैदानावर रेफ्रीशी वाद घालायचा नाही, त्याला सर म्हणायचं, आणि बोलायचंच झालं तर फक्त कॅप्टनने बोलायचं, हा खेळातला नियम त्याने संसारालाही लावला होता. ट्रॅफिक हवालदार सर. पाणी सोडणारा माणूस सर. सोसायटीच्या सभेत सगळे एकदम बोलायला लागले की हा मागून विचारायचा, "कॅप्टन कोण? तो बोलेल." निर्णय विरुद्ध गेला की म्हणायचा, "शिट्टी वाजली ना, मग झालं." या वाक्याचा पुढे मी पुरेपूर फायदा घेतला.

सामना कसाही संपो, यजमानाने पाहुण्यांना जेवू घालायचं, हा त्यांचा आणखी एक रिवाज. विलास तो सोसायटीच्या क्रिकेटलाही लावायचा आणि कॅरमलाही. मोठ्या पातेल्यात मटणाचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, न खाणाऱ्यांसाठी वालाचं बिरडं. "मॅच संपली, जेवायला चला," एवढीच हाक. आणि जेवणाआधी गल्ली. म्हणजे जिंकणाऱ्यांनी समोरासमोर दोन रांगांत उभं राहायचं, हरलेल्याने मधून जायचं आणि रांगांनी टाळ्या वाजवायच्या. कॅरमच्या फायनलमध्ये मी जिंकलो आणि राणेकाका हरले, तेव्हा मीही खिदळत टाळ्या वाजवल्या. आम्हाला वाटायचं, हा त्याचा चिडवायचा प्रकार आहे. त्याला वाटायचं, आम्हाला कळलंय. त्याने कधी समजावून सांगितलं नाही. जेवायच्या आधी हात का धुवायचे, हे कोण समजावून सांगतं?

आता ती गोष्ट. एका रविवारी जेवताना त्याने सांगितली, आणि मग दर रविवारी कुणी ना कुणी ती पुन्हा सांगायला लावायचं. कोलंबोत एका सामन्यात समोरच्याचा गुडघा त्याच्या डोक्यात बसला. असं झालं की डॉक्टर मैदानावर येऊन प्रश्न विचारतात. आपण कुठे आहोत? विलास म्हणाला, बदलापुरात, मांजर्लीच्या मैदानावर. समोर कोण? कल्याणचा संघ. स्कोअर काय? विलासने कबड्डीचे गुण सांगितले, वर पंच एका बाजूचा आहे अशी तक्रारही केली. डॉक्टरचा गोंधळलेला चेहरा तो असा काही करून दाखवायचा की राणेकाकांना ठसका लागायचा. मग तो घाईघाईने शेवट सांगायचा: डॉक्टरने बरेच आठवडे बसवून ठेवलं, सगळ्या तपासण्या केल्या, डोकं ठणठणीत निघालं, मग पुढे कितीतरी खेळलो. पण तोवर आम्ही सगळे हसण्यात बुडालेलो असायचो. शेवट बहुतेकांना ऐकूच यायचा नाही. मला येत होता, मी त्याच्या शेजारी बसायचो.

मग मी गाडी घेतली. माणसाने गाडी घेतली की त्याला सगळीकडे पार्किंगच दिसायला लागतं. इमारतीमागच्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवून पार्किंग करावं, असा ठराव मी वार्षिक सभेत मांडला. भाषण लिहून नेलं होतं, त्यात 'काळाची गरज' हे शब्द जागोजागी होते. विलास उभा राहिला. म्हणाला, गाडीला जागा कुठे पण मिळेल, पोरांना पडायला मऊ जागा एकच आहे. हात वर झाले आणि माझा ठराव नामंजूर झाला.

मी फाइल काखेत मारून निघालो, तर लिफ्टच्या वाटेवर मुलं दोन रांगांत उभी. टोकाला विलास. टाळ्या सुरू झाल्या. सभासदही हसत हसत रांगेत शिरले. राणेकाका सगळ्यात जोरात वाजवत होते, कॅरमची आठवण ठेवून. मी मान खाली घालून लिफ्टपाशी पोचलो. लिफ्ट वरच्या मजल्यावर होती. ती खाली येईपर्यंत टाळ्या वाजत राहिल्या.

घरात शिरताच बायको म्हणाली, "झाला वाटतं ठराव. टाळ्या ऐकू आल्या."

त्याच आठवड्यात आमच्या मुख्याध्यापिका मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. शाळेत रग्बी सुरू करायचं ठरलं होतं, विलासची निवड जवळजवळ नक्की होती, नेमणुकीचं पत्र मीच टाइप करायचं होतं. त्याला किती आशा होती ते मला माहीत होतं. खेळणं संपल्यावर खेळातच राहायला मिळेल अशी अंबरनाथ-बदलापुरात ही एकच जागा निघाली होती.

"अहिरे, हे तुमच्या सोसायटीतले ना?" मॅडमनी विचारलं. "माणूस कसा आहे?"

"माणूस सोन्यासारखा आहे मॅडम," मी म्हटलं. सुरुवात अशी केली की पुढच्या वाक्यावर लोकांचा जास्त विश्वास बसतो. मग सुरात काळजी आणली. "फक्त डोक्याला मार फार बसलेत. एकदा तर आपण कुठे आहोत हेसुद्धा सांगता येईना. मुलांचा प्रश्न आहे, म्हणून कानावर घातलं."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते पत्र मला टाइप करावं लागलं नाही.

आमच्या शाळेत हेंद्रेपाड्याहून येणारे शिक्षक बरेच आहेत. काही दिवसांतच ती गोष्ट माझ्या बायकोने मला सांगितली. विलासभाऊंच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणे, तिकडे इस्पितळात होते म्हणे, आईलासुद्धा ओळखत नव्हते म्हणे. आयांनी मुलांना सकाळी पाठवणं बंद केलं. काही सभासदांनी मागणी केली, आणि मी नाइलाज झाल्याच्या चेहऱ्याने बोर्डावर नोटीस लावली: सुरक्षेच्या कारणास्तव सराव पुढील सूचनेपर्यंत बंद. पुढील सूचना देणारा मीच.

विलास नोटीस वाचायला आला तेव्हा मी जिन्यात उभा होतो. आता हा भांडणार, आणि भांडला की लोक म्हणणार बघा, डोक्यावर परिणाम झालाच आहे, असा सगळा हिशोब मी करून ठेवला होता. त्याने नोटीस शांतपणे वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "शिट्टी वाजली, सर." आणि फ्लेक्स गुंडाळून घरात घेऊन गेला. मला तो नेहमी अहिरे साहेब म्हणायचा. सर म्हणाला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

मागच्या जागेत हळूहळू माझी गाडी उभी राहू लागली. त्यासाठी ठराव लागला नाही.

विलास परसराम शेठच्या हॉलवर सिक्युरिटी सुपरवायझर झाला. देशासाठी खेळलेला माणूस आता लग्नात दारावर उभा राहून फुकट जेवायला घुसणाऱ्यांवर नजर ठेवायचा. त्यांना तो अडवत नसे, अशी शेठची तक्रार होती. रविवारी सामना नसला तरी घरी कालवण व्हायचंच, आणि एक वाटी आमच्या दारात यायची. मी ती खायचो. चव चांगली असायची, त्याचा जास्त त्रास व्हायचा.

दोनेक वर्षं अशी गेली. मग शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न त्या हॉलवर झालं. पाठवणी झाली, मुलीचे आईवडील निघाले, आणि जिन्याच्या तोंडाशी विलासने वाढपी, वॉचमन, नवऱ्याकडची तरुण पोरं अशी सगळ्यांची गल्ली केली. टाळ्या सुरू झाल्या.  मला वाटलं, आता इथे हाणामारी होणार. पण माझा सहकारी त्या गल्लीतून हात जोडून चालत गेला. डोळे वाहत होते आणि मान ताठ होती.

परसराम शेठ माझ्या शेजारीच होता. "अच्छा लगता है ना?" तो म्हणाला. "रग्बी का रिवाज है. जो हारा, उसको जीतनेवाला खुद इज्जत से छोडता है, के भाई, तू अच्छा खेला. विलास बोला, मुलीवाल्यांचं घर आज रिकामं झालं, त्यांना पण असंच सोडू. अब तो मैंने पॅकेज में डाल दिया है."

मी आइस्क्रीमची वाटी हातात धरून उभा राहिलो. ज्या अपमानाला मी एवढा काळ खाऊपिऊ घालून वाढवलं होतं, तो अपमान झालाच नव्हता.

शाळा उघडल्यावर मी मॅडमकडे गेलो आणि गोष्टीचा गाळलेला शेवट सांगितला. मॅडमनी पुन्हा चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "अहिरे, मी तेव्हाच त्यांना बोलावून विचारलं होतं. तुमचं नाव सांगूनच विचारलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, अहिरे साहेबांनी सांगितलं ते खरं आहे, मीच सांगितली होती त्यांना ती गोष्ट. तपासणीचे कागद आणून दाखवू का, म्हणाले. पण तोवर संस्थेतले लोक घाबरले होते."

जागा कधीच भरली गेली होती. रग्बीच्या तासाला मुलं आता योगासनं करतात. म्हणजे हे माझं काम आहे ते विलासला तेव्हापासून ठाऊक होतं, आणि कालवणाची प्रत्येक वाटी सगळं माहीत असताना आली होती.

माफी मागायला मी तळमजल्यावर अनेकदा उतरलो. एकदा पाण्याच्या टाकीबद्दल बोलून परत आलो. एकदा त्याच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि त्याने मला माझ्याच गुडघ्यांसाठी व्यायाम शिकवला. अखेर ठरवलं, गोष्ट जिथे फिरली तिथेच ती निस्तरायची. या वर्षीच्या वार्षिक सभेत, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या सदरात, मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. टाळ्या, मॅडम, गाळलेला शेवट, नोटीस. 

राणेकाकांनी घसा साफ केला. "ते ठीक आहे, पण हे इतिवृत्तात लिहायचं कसं? रीतसर ठराव मांडा."

मी मांडला. सेक्रेटरींनी दिलेल्या अपुऱ्या माहितीमुळे श्री. विलास भोपी यांच्याविषयी गैरसमज पसरला, त्यांची प्रकृती डॉक्टरांच्या तपासणीनुसार उत्तम आहे, सबब मुलांचा सराव पुन्हा सुरू करण्यात यावा आणि मागच्या जागेतली गाडी हलवण्यात यावी.

"कुणाची गाडी?" राणेकाकांनी माहीत असून विचारलं.

"माझी."

"सूचक?"

"मीच."

"अनुमोदक?"

एकही हात वर होईना. लोक आपापल्या चपलांकडे बघत होते. ती गोष्ट प्रत्येकाने थोडी थोडी पुढे नेली होती. अनुमोदन देणं म्हणजे तेही कबूल करणं. शेवटी अगदी मागच्या खुर्चीवरून एक जाडजूड हात सरळ वर गेला.

"मी देतो, सर," विलास म्हणाला.

राणेकाका अडले. ज्याच्याबद्दल ठराव आहे त्यालाच अनुमोदन देता येतं का, हे उपविधीत बघावं लागेल म्हणाले.

"कॅप्टनला विचारा," विलासने माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, येतं. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

मला हलकं वाटायला हवं होतं. पण खाली बसून इतिवृत्त लिहिताना लक्षात आलं, त्यात गाडी होती, डॉक्टर होता, 'अपुरी माहिती' होती आणि 'सबब' होतं. माफी कुठेच नव्हती. रीतसर करण्याच्या नादात तेवढीच राहून गेली होती.

बाहेरून हाक आली, मॅच संपली, जेवायला चला. मी ताट घेऊन रांगेत लागलो. मागच्या जागेत माझ्या गाडीला खेटूनच त्याने तो जुना फ्लेक्स अंथरला होता, आणि हेल्मेटवाल्या साहेबांच्या छातीवर कालवणाचं पातेलं ठेवलं होतं. विलास पळी घेऊन उभा होता. वाफेने त्याचे ते चुरगळलेले कान लाल झाले होते. माझा नंबर आला तेव्हा त्याने वर न बघता विचारलं, "कालवण की बिरडं, अहिरे साहेब?"

मी ताट खाली ठेवलं. मागे रांग थांबली.

"विलासभाऊ," मी म्हटलं, "अपुरी माहिती वगैरे काही नाही. तुमचं डोकं ठणठणीत निघालं होतं, ते मला माहीत होतं. मला राग आला होता, म्हणून मी ते सांगितलं नाही. तुमचं काम माझ्यामुळे गेलं. माझं चुकलं. मला माफ करा."